आईनं वासावरून ठरवलं

गावाकडं कोंबडी शिजायला लागली की पहिली वाटी अळणीची निघते. मसाला पडायच्या आधीची, नुसत्या हळद, मीठ, आलं-लसणात उकळलेल्या कोंबडीच्या पाण्याची. वाटी हातात धरवत नाही इतकी गरम असते आणि वर चरबीचे पिवळे डोळे फिरत असतात. घरातल्या लहान पोरांचा आणि आजारी माणसाचा तिच्यावर पहिला हक्क. मी आता चाळिशीत आहे, पण माहेरी गेले की आई अजून पहिली वाटी मलाच देते.

गेल्या वर्षी बाग उतरल्यावर, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, त्या वाटीशेजारी मी शेनिन ब्लांक ह्या पांढऱ्या वाईनचा ग्लास ठेवला. सांगलीहून येताना बाटली बर्फात घालून आणली होती. अळणीचा एक घोट घेतला, मग वाईनचा. जिभेवर बसलेला चरबीचा लेप त्या आंबटपणानं स्वच्छ पुसून निघाला आणि मागं हाडातून उतरलेली कोंबडीची गोडी तेवढी राहिली. पुन्हा अळणी घेतली, तर ती मघापेक्षा जास्त चवदार. नाशिकच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत मी सात वर्षं काढली. तिथं रोज दहा-दहा नमुने चाखले, पण एखादी वाईन एखाद्या पदार्थाला इतकी धरून बसल्याचं मी त्याआधी अनुभवलं नव्हतं.

आमच्या भागातल्या माणसाला द्राक्ष शिकवावं लागत नाही. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, कुठंही जा, ऑक्टोबर छाटणी, भुरी-डाऊनीसारखे रोग, मणी वाढवायला जीएची बुडवणी हे शब्द पोरांच्या तोंडी असतात. ‘तास-ए-गणेश’ नावाचा वाण तासगाव तालुक्यातूनच पुढं आला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. चार किलोच्या पेटीला काय दर निघाला यावर घरातली लग्नं ठरतात. इतकं असून द्राक्षाची वाईन मात्र आमच्या जेवणात कधी आली नाही. वाईन म्हटलं की कुणीतरी सर्दीवर आणलेली गोड पोर्ट आठवते, नाहीतर सरळ ‘दारूच ती’ म्हणून विषय संपतो.

वायनरीत पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. चिकनबरोबर कोणती? आमच्याकडं छापील कार्ड होतं: चिकन आणि मासे असतील तर व्हाईट, मटण असेल तर रेड. मीही ते शेकडो लोकांना सांगितलं. ज्या देशांत कोंबडी लोणी, मीठ आणि थोडा पाला लावून भट्टीत भाजतात तिथं ते बऱ्यापैकी बरोबरही आहे, कारण तिथं ताटात खरोखर कोंबडीच असते. आपल्याकडं ताटात मसाला असतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. त्यात भाजलेलं खोबरं, तीळ, धने, तळलेला कांदा, लसूण. उन्हाळ्यात किलोकिलोनं कुटून बरणीत भरलेला तो कांदा-लसूण मसाला कोंबडीत पडला की मांस पांढरं की लाल हा प्रश्नच उरत नाही. विचारायचं ते मसाल्याला.

हे मला आधी कळलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या हौसेनं कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाईन घेऊन गावी आले. आईनं सुक्कं केलं होतं, कडेला तेल सुटलेलं, लालभडक. दादानं एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. “आगीत रॉकेल ओतल्यागत झालं की गं,” म्हणाला आणि उठून तांब्याभर पाणी प्यायला. त्याचं अगदी खरं होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला भाजल्याचा भास देतं, त्याच संवेदकाला अल्कोहोलही डिवचतं. तेरा-चौदा टक्के अल्कोहोलची वाईन मिरचीवर पडली की आग वाढते. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं हे खरं, पण वाईनमधलं प्रमाण ते धुऊन न्यायला फार अपुरं आहे. वर लाल वाईनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंड कोरडं पाडतं. भाजलेल्या, कोरड्या पडलेल्या जिभेला मग मिरची अजूनच लागते. मटणाच्या चरबीत आणि मिठात हे टॅनिन मवाळ होतं, कोंबडीत तेवढा आधार मिळत नाही.

त्या दिवाळीत आई ग्लासाकडं बघतही नव्हती. तिच्या माहेरी एक घर दारूनं बसलं आहे. जमीन गेली, माणूस गेला, पोरं मामाच्या आश्रयाला आली. ती पोरं आईनं स्वतः न्हाऊ-जेवू घातलेली आहेत. त्यामुळं घरात बाटली आली म्हणजे तिला काय होतं हे मला शिकवायची गरज नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा टीव्हीवर रोज भांडणं चालायची. एक बाजू म्हणायची शेतकऱ्याचं भलं होईल, दुसरी म्हणायची घरं बुडतील. आमच्या सोप्यात ह्या दोन्ही बाजू समोरासमोर बसून टीव्ही बघत होत्या. आई एका टोकाला, आण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या. दोघंही एक शब्द बोलले नाहीत.

आण्णांचं सांगायला हवं. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि आमच्याकडं पलूसला वाईन पार्क काढायचं ठरलं. तेव्हा तालुक्यात वाऱ्यासारखी बातमी पसरली की वाईनच्या द्राक्षाला करारानं दर मिळतो, पेटीचा आणि दलालाचा संबंधच नाही. आण्णांनी डॉगरिजच्या खुंटावर एक एकर शिराझ, लाल वाईनची जात, बांधली. आमच्या डोळ्याला ती द्राक्षं अनोळखी होती. मणी लहान, जवळजवळ काळा, साल जाड, आत बिया. बिनबियांच्या थॉमसनची सवय असलेल्या आमच्या गल्लीतली पोरं एक मणी खाऊन थुंकून टाकायची. आण्णा मात्र बी चावून बघायचे. हिरवं बी कडू आणि झोंबणारं, पिकलेलं बी तपकिरी आणि दाण्यासारखं खुटखुटीत लागतं. त्यांनी एक रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला होता. रोज सकाळी चार कोपऱ्यांतले मणी काचेवर पिळून ते साखर बघायचे आणि डायरीत तिचा, म्हणजे ब्रिक्सचा, आकडा लिहायचे.

तीन हंगाम माल वेळेवर गेला. मग जगभरातल्या मंदीचा काळ आला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि ज्या कंपनीशी करार होता तिनं त्या वर्षी गाडीच पाठवली नाही. आज येते, उद्या येते. वाईनचं द्राक्ष बाजारात खपत नाही, बियांमुळं त्याचा बेदाणा कुणी घेत नाही. मणी वेलीवरच सुरकुतले, पाखरं आणि गांधीलमाश्या आल्या. पुढच्या छाटणीला आण्णांनी वेली खुंटापासून कापल्या आणि त्यावर खायच्या सोनाका द्राक्षाची कलमं बांधली. त्या एका एकराची वाईन कशी झाली, कुठल्या बाटलीत गेली, कुणी प्यायली, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी ती चाखलीही नाही. मी रसायनशास्त्र घेऊन पुढं वायनरीत नोकरी धरली, त्याचं मूळ ह्याच एकरात आहे.

आता पुन्हा त्या फेब्रुवारीतल्या रविवारकडं येते. अळणीबरोबर शेनिन जमली म्हणून मी खूश होते, आणि सोबत सोव्हिन्यों ब्लांक ह्या दुसऱ्या पांढऱ्या वाईनची बाटली होती तीही उघडली. आई चुलीपाशी होती. मी ग्लास तिच्यासमोर धरला, म्हटलं, “पिऊ नकोस, नुसता वास घे.” तिनं आधी नको म्हटलं. मग पदरानं हात पुसून ग्लास घेतला आणि मसाला भाजताना घेते तसा, नाक जरा लांब ठेवून, दोनदा वास घेतला.

“कच्च्या पेरवाचा वास हाय,” म्हणाली. मग जरा थांबून, “आन ढबू मिरचीचं देठ.”

मला पुढं बोलवेना. सोव्हिन्यों ब्लांकमध्ये जी हिरवी झाक असते ती मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांची, आणि तीच ढबू मिरचीतही असतात. हे शिकायला मला पदवी आणि नोकरी लागली. आईनं ते चुलीपाशी उभ्या उभ्या ओळखलं. पुढचं तर मी विचारलंही नव्हतं. “ह्याच्याबर तांबडं नगं,” ती म्हणाली. “हिरवं पायजे. संध्याकाळी खर्ड्यातलं करते.”

संध्याकाळी तिनं खर्डा केला. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परतल्या, साल फुगून पांढरे डाग पडेपर्यंत, मग लसूण आणि जिऱ्याबरोबर पाट्यावर ओबडधोबड वाटल्या. मिरच्या तिनं रोजच्या निम्म्याच घेतल्या आणि कोथिंबीर दुप्पट, दांड्यांसकट. “घोटाला मिरची सोसत न्हाई म्हणालीस न्हवं?” हे तिनं दिवाळीच्या त्या एका प्रसंगावरून, इतक्या वर्षांनी, लक्षात ठेवलं होतं. उकडलेली कोंबडी त्या खर्ड्यात परतली, वरून थोडा दाण्याचा कूट. दादा, वहिनी आणि मी जेवायला बसलो. कोथिंबीर आणि वाईनचा हिरवा वास एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा ते सांगता येत नव्हतं. लिंबू पिळायची गरज पडली नाही, वाईनचा आंबटपणा ते काम करत होता. आईनं तीनदा विचारलं, “कसं लागतंय?” आणि आम्ही सांगू तसं ती पातेल्यात चिमूटभर मीठ, थोडी कोथिंबीर टाकत गेली. पदार्थ आणि पेय असं एकत्र शिजताना मी कुठल्याही वायनरीच्या टेबलावर पाहिलं नाही.

तेव्हापासून गावी गेले की आमचा हा उद्योग चालतो. आई चाखत नाही. ती वास घेते, पदार्थ ठरवते, आणि आम्ही खाऊन तिला सांगतो. एका वेळी एकच बाटली उघडायची आणि बाटली जेवणाबरोबरच संपली किंवा बूच लावून फ्रिजमध्ये गेली पाहिजे, ह्या तिच्या दोन अटी आहेत आणि त्या मला पूर्ण मान्य आहेत.

सुक्क्याचा प्रश्न वहिनीनं सोडवला. तिखट खाल्ल्यावर आपण गुळाचा खडा तोंडात टाकतो, मग वाईन गोड का नको, असं तिनं विचारलं. बरोबर आहे. साखर मिरचीची धार बोथट करते. लिटरला दहा-पंधरा ग्रॅम साखर राहिलेली, अल्कोहोल कमी असलेली शेनिन किंवा रिस्लिंग, चांगली गार केलेली, आणि समोर कांदा-लसूण मसाल्यातलं सुक्कं. पहिल्या घोटाला ती गोड वाटते. सुक्क्याच्या घासानंतर तीच गोड लागत नाही, नुसती फळाच्या वासाची आणि थंड लागते. माझं स्वतःचं मत विचाराल तर तांबड्या रश्शाला कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, रोझे ही गुलाबी वाईन जास्त शोभते, कारण रश्शात आंबटगोड कांदा असतो आणि रोझेत टॅनिन जवळजवळ नसतं. पण त्यात मिरची बेताची हवी. घरी ह्यावर अजून एकमत नाही.

पांढऱ्या रश्शाचं मात्र चटकन जमलं. कोल्हापूर आमच्यापासून तास-दीड तासावर, त्यामुळं पांढरा रस्सा आमच्याकडंही होतोच. नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. त्याला अंगानं भरलेली वाईन लागते, व्हिओनिये किंवा शार्दने. हलकी, पाणचट वाईन त्या दुधात बुडून जाते. हॉटेलच्या बटर चिकनला तीच थोडी गोडसर शेनिन पुरे. कुरकुरीत तळलेल्या चिकनला स्पार्कलिंग. तळणीच्या तेलाला बुडबुडे आणि आंबटपणा छान कापतात, मात्र फार तिखट असेल तर तेच बुडबुडे झोंबतात.

एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही ती म्हणजे भाकरी. रश्शाचा घास आणि वाईनचा घोट यांच्यामध्ये शाळूच्या भाकरीचा एक कोरडा तुकडा चावला की जीभ पुन्हा मोकळी होते. पोळीनं तसं होत नाही, भातानं तर नाहीच. दुसरी गोष्ट तापमानाची. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळीसला जातो. त्या तापमानाला लाल वाईन नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून काढली की तिच्यातलं फळ दिसायला लागतं. आणि ग्लास काचेचाच घ्यावा. आमच्याकडं पहिल्यांदा स्टीलच्या पेल्यांत ओतली होती, आईला वासच लागेना.

शिराझ मी मुद्दाम मागं ठेवली होती. आण्णा ह्या सगळ्यात कधी बसत नसत. जेवण उरकून ओट्यावर जायचे. गेल्या डिसेंबरात, त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाल्यावर, मी शिराझची बाटली आणली आणि आधी आईच्या हातात ग्लास दिला. तिनं ह्या वेळी बराच वेळ घेतला.

“जांभळं,” म्हणाली. “आन मिरं. काळं मिरं हाय ह्यात.”

शिराझमधल्या मिऱ्याच्या वासाचं कारण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. रोटुंडोन नावाचा एक रेणू, जो काळ्या मिऱ्यातही असतो. मी हे आईला सांगितलं, तिनं मान हलवली आणि कामाला लागली. मिरची अजिबात नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं. घरचाच एक तरणा कोंबडा होता. जून असता तर शिजवायलाच लागला असता. फ्रान्सच्या बरगंडी भागात जून कोंबडा लाल वाईनमध्येच तासन्‌तास शिजवतात, त्याला कॉक ओ व्हँ म्हणतात, आणि आई तोच जून कोंबडा झाकणीत पाणी ठेवून मंद जाळावर शिजवते. पण हा भाजता येण्यासारखा होता. तिनं मिरं खलबत्त्यात जाडसर कुटलं, लसूण, मीठ आणि घरच्या लोण्याबरोबर तुकड्यांना चोळलं आणि तासभर ठेवून दिलं. दादानं बागेतल्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या. द्राक्षाच्या काडीचा निखारा लवकर पडतो आणि धगही चांगली देतो. त्या निखाऱ्यावर जाळी ठेवून तुकडे भाजले. कातडीवरची चरबी निखाऱ्यावर टपकायची, भस्सकन धूर यायचा, आणि मिऱ्याचा वास गोठ्यापर्यंत जायचा.

आण्णा ओट्यावरून उठून आले. बसले. आईनं त्यांच्या ताटात तंगडी वाढली आणि मी ग्लासात दोन घोट वाईन ओतली. त्यांनी आईकडं बघितलं.

“घ्या अवो,” आई म्हणाली. “तुमच्या बागंतलंच हाय ते.”

त्यांनी घास खाल्ला, मग ग्लास उचलला. घोट तोंडात धरला. गिळला नाही लगेच. जबडा हलला, बी चावताना हलायचा तसा. भाजलेल्या कातडीचं लोणी आणि मीठ त्या तुरटपणाला सांभाळून घेत होतं, मिऱ्याला मिरं भेटत होतं, हे मला माहीत होतं. त्यांना काय लागत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

“पिकलेल्या बियाची चव हाय,” ते म्हणाले. “कच्च्याची न्हाई.” मग बाटलीकडं बोट केलं. “तोडताना साखर किती असंल?”

लेबलवर साखर लिहीत नाहीत, पण अल्कोहोलवरून काढता येते. ब्रिक्सच्या आकड्याला साधारण ०.५५ नं गुणलं की कोरड्या वाईनचं अल्कोहोल मिळतं. मी बाटली दिव्याखाली फिरवली. तेरा टक्के होतं.

“साडेतेवीसच्या आसपास, आण्णा.”

त्यांनी ग्लास पुन्हा उचलला, उजेडात धरून त्याचा रंग बघितला.

“आपली चोवीसला गेलती,” म्हणाले.

आईनं काही न बोलता जाळीवरचा दुसरा तुकडा उलटला.